टाईल रंगवली की वाकते : फोमच्या टेरेन बोर्डला येणारा बाक

छोट्या सैनिकांच्या लढाया टेबलावर खेळायच्या तर त्यांच्याखालची जमीन (टेरेन) आपण फोमच्या टाईलवर बनवतो. रात्री गोंद-वाळू लावून अशी टाईल पंख्याखाली ठेवली तेव्हा छान सपाट होती. सकाळी बघावं तर चारही कोपरे टेबलापासून सुटलेले, मधला भाग तेवढा टेकलेला. एक कोपरा बोटाने दाबला की समोरचा वर येतो. मग जाडजूड पुस्तकं, तांदळाचा डबा, हाताला लागेल ते वर ठेवून दाबायची. दुसऱ्या दिवशी ती बरीच सरळ झालेली असते आणि आपण खुश. रंगाचा हात देतो, फ्लॉक (गवतासारखा दिसणारा भुसा) लावतो, आणि चार दिवसांनी पुन्हा परात तयार.

हे चक्र मी एकाच बोर्डवर तीनदा फिरलो. बोर्ड होता मराठे आणि ब्रिटिश यांच्यातल्या असईच्या लढाईचा, २३ सप्टेंबर १८०३. जालना जिल्ह्यातल्या केळणा आणि जुई या दोन नद्या जिथे मिळतात, त्याच्या अलीकडच्या बेचक्यात ही लढाई झाली. त्यामुळे टेबलावर दोन नद्या कोरणं आलंच. निळ्या एक्सपीएस (एक्स्ट्रुडेड पॉलिस्टायरीन) फोमच्या २५ मिमी जाडीच्या, ६०० मिमी चौरस अशा सहा टाईल. पहिल्या वेळी मी फोमला शिव्या दिल्या आणि दुसऱ्या दुकानातून आणला. दुसऱ्या वेळी पावसाळ्याला शिव्या दिल्या. तिसऱ्या वेळी मुकाट्याने पट्टी घेऊन मोजायला बसलो.

फोम बिचारा निर्दोष असतो. एक्सपीएसच्या पेशी बंद असतात, तो पाणी जवळजवळ पीतच नाही, त्यामुळे ओलीने फुगणं आणि सुकून आकसणं हा त्याचा स्वभावच नाही. आकसतो तो आपण वर लावलेला थर. पांढऱ्या गोंदात निम्म्याच्या आसपास पाणीच असतं, शिवाय पसरायला सोपा जावा म्हणून आपण त्यात आणखी पाणी घालतो. ते उडून गेलं की मागे राहिलेली पापडी लहान व्हायला बघते, पण ती फोमला घट्ट चिकटलेली असल्याने स्वतः लहान होण्याऐवजी फोमची वरची बाजूच आत ओढते. खालची बाजू आहे तेवढीच राहते, आणि कोपरे उचलतात.

उन्हात घातलेला पापड डोळ्यांसमोर आणा. वरची बाजू आधी सुकते आणि कडा वर येतात, म्हणून तर ते अर्धवट वाळले की उलटायचे. पापडाचं बरं असतं, उशिरा का होईना, त्याची खालची बाजूही सुकते आणि हिशेब मिटतो. आपल्या टाईलची खालची बाजू कधी ओलीच झालेली नसते, तर ती सुकणार काय? दिवाळीच्या किल्ल्याचा चिखलही असाच आकसतो, पण त्याला भेगा पडतात आणि ताण तिथेच सुटतो. गोंद चिवट. तो फाटत नाही, म्हणून ओढत राहतो.

वजन ठेवून काम का भागत नाही, तेही यातच आलं. वजनाने टाईल दबते, गोंद थोडा सैल पडतो, पण वरच्या थराची ओढ शिल्लकच असते. त्यातून पांढरा गोंद दमट हवेत मऊ पडतो आणि कोरड्या हवेत पुन्हा ताठ होतो. जुलैत पुण्यात केलेली टाईल म्हणूनच बिनचूक सपाट वाटते आणि दिवाळीनंतर थंडी-कोरडेपणा आला की हळूच कोपरे उचलते. कपाटात ठेवलेला बोर्ड "आपोआप" वाकला अशी तक्रार असेल, तर तो कोणत्या महिन्यात केला होता ते आधी आठवा.

बाक कोणत्या बाजूला आहे?

उपाय करण्याआधी एवढं एकच बघायचं. अ‍ॅल्युमिनियमची सरळ पट्टी किंवा गवंड्याचा लेव्हलचा दांडा टाईलवर आडवा, उभा आणि दोन्ही कर्णांवर ठेवायचा आणि फट कुठे दिसते ते पाहायचं.

कोपरे वर आणि मध्य खाली, म्हणजे परात. दहापैकी नऊ वेळा हेच असतं आणि कारण वर सांगितलेलंच: वरचा थर आकसला.

मध्य वर आणि कोपरे खाली, म्हणजे पालथी परात. इथे थोडा तपास लागतो. वर प्लास्टर ऑफ पॅरिस ओतलं असेल तर तेच कारण असू शकतं, कारण पीओपी घट्ट होताना आकसत नाही, उलट किंचित प्रसरण पावतं. वॉल पुट्टीचं नेमकं उलट, ती आकसते. दोन्ही पांढऱ्या पावडरी, दोन्ही पाण्यात कालवायच्या, म्हणून आपण एकीच्या जागी दुसरी वापरतो आणि बाक उलटा आला की चक्रावतो. दुसरं कारण, मागच्या बाजूला रंग किंवा गोंद जास्त लागलाय. तिसरं म्हणजे टाईल उन्हात ठेवून तुम्ही मोजताय. हे हसण्यावारी नेऊ नका. एक्सपीएस दर अंशाला मीटरमागे सुमारे ०.०७ मिमी लांबतो. वरची बाजू खालच्यापेक्षा २० अंशांनी गरम झाली तर ६०० मिमीच्या टाईलची वरची बाजू सुमारे ०.८ मिमीने लांबते. आकडा किरकोळ वाटतो, पण २५ मिमी जाडीत त्याचा फुगवटा अडीच मिमीच्या घरात जातो. सावलीत आणली की तासाभरात गायब. मी गच्चीवर अशाच एका "वाकलेल्या" टाईलच्या पाठीवर करवत चालवणार होतो, जेवायला खाली गेलो म्हणून वाचली.

एक कोपरा वर, त्याच्या समोरचाही वर आणि बाकीचे दोन खाली, म्हणजे पीळ. सुतार लाकडाला म्हणतात तसाच. हा थरामुळे क्वचितच येतो. बहुतेक वेळा टाईल भिंतीला तिरकी टेकवून महिनोन्‌महिने ठेवलेली असते, किंवा भोवती ठोकलेल्या चौकटीच्या रिपा ओल्या लाकडाच्या असतात आणि वाळताना त्या स्वतः पिळतात.

आकाराचं गणित

दोन गोष्टी कळल्यावर माझा निम्मा त्रास संपला. पातळ थराच्या ओढीने येणारा बाक फोमच्या जाडीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतो. २५ मिमीऐवजी ५० मिमी घेतला तर तोच थर फक्त एक चतुर्थांश बाक आणतो. उलट लांबी दुप्पट केली तर कडेची उचल चौपट होते. म्हणून टेबलभर एकच मोठा तुकडा करायचा मोह टाळा. सहा बाय चार फुटांचं टेबल सहा चौरस टाईलमध्ये तोडणं ही नुसती वाहतुकीची सोय नाही.

जाता जाता त्या सहा टाईलबद्दल. आपल्याकडे हा बोर्ड बहुधा १२५० बाय ६०० मिमी मापात मिळतो, तो गच्चीच्या आणि छताच्या उष्णतारोधनासाठी बनतो. दोन फूट म्हणजे ६०९.६ मिमी. दर टाईलमागे साडेनऊ मिमी आणि तिघींमागे जवळजवळ २९ मिमी कमी पडतात. पट्ट्या जोडून हे भरून काढायच्या फंदात पडू नका, त्या सांध्यावर टाईल हमखास वाकते. टेबल १८०० बाय १२०० मिमीचं आहे असं म्हणायचं आणि खेळायचं, सैनिक तक्रार करत नाहीत.

आता नद्या. असईत माझ्या सगळ्यात वाईट वाकलेल्या टाईल नदीच्याच का होत्या, ते या गणितातच होतं. २५ मिमी फोममध्ये मी १२ मिमी खोल पात्र कोरलं, म्हणजे तिथे जाडी निम्मी झाली आणि बाक चौपट. वर त्याच पात्रात पाणी दिसावं म्हणून पाण्यात विरघळणाऱ्या चकचकीत व्हार्निशचे सहा-सात हात, आणि तेही सगळे आकसणारे. टाईल नदीच्या रेषेवर पुस्तकासारखी मिटू पाहत होती. आता मी पात्र ५-६ मिमीपेक्षा खोल कोरत नाही. काठ उंच हवे असतील तर पात्र खोदण्याऐवजी काठांवर फोमचे पातळ तुकडे चढवतो. तसंही एक्सपीएसच्या दोन्ही बाजूंना जी गुळगुळीत, दाट साल असते, ती ताण धरून बसलेली असते. वरची पूर्ण खरवडलीत तर खालचीही खरवडा, नाहीतर गोंद लावण्याआधीच बाक आलेला दिसेल.

नवीन टाईल करताना

सगळी मेख एका वाक्यात: वर जे लावाल, तेवढंच ओलं मागेही लावायचं, आणि ते त्याच दिवशी. मागच्या बाजूला वाळू नको, फ्लॉक नको, पण गोंद हवा. मी मागे तपकिरी कागद त्याच पातळ केलेल्या गोंदात भिजवून चिकटवतो, कारण वाळूमुळे वर गोंद जास्त राहतो आणि मागे नुसता हात फिरवला तर ओढ कमी पडते. कागद स्वतःही आकसतो, त्यामुळे एक थर पुरतो, दोन लावले तर पालथी परात होते. नंतर वर रंगाचे दोन हात चढणार असतील तर मागेही घरातला उरलासुरला इमल्शन पेंट दोन हात. रंग कुठलाही चालेल, माझ्या टाईलची पाठ बेडरूमच्या भिंतीसारखी फिकट पिस्ता रंगाची आहे.

सुकवणं याहून महत्त्वाचं. टाईल टेबलावर आडवी ठेवली की खालच्या बाजूला हवाच लागत नाही आणि तुम्ही मागे लावलेला गोंद ओला राहून वरचा सुकतो, म्हणजे मूळ पदावर. वाळू घसरू नये म्हणून पहिला तासभर बाटल्यांच्या चार झाकणांवर आडवी ठेवायची, मग ताटाळ्यात ताटं उभी करतात तशी कडेवर उभी करायची. मी जुन्या स्टूलच्या पायांना सुतळी बांधून तसं खाच-खाच केलंय. पंखा सरळ एका बाजूवर मारायचा नाही.

गोंदाचं प्रमाणही कमी करता येतं. वाळू दाबून बसवण्यासाठी वरून गोंदपाण्याचा जो दुसरा मारा करतो, तो सलग एकदम न करता दोन दिवसांत करावा. वाळूऐवजी पुट्टी वापरत असाल तर पातळ हात द्या आणि मधे प्रत्येक हात पूर्ण सुकू द्या. टेकड्यांच्या सांध्यात, खडकांच्या बुडाशी भरायला मी अ‍ॅक्रिलिक सीलंट घेतो, ते सुकल्यावरही रबरासारखं लवचीक राहतं आणि फार ओढत नाही.

खाली एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) लावायचा असेल तर आधी त्याच्या दोन्ही बाजू आणि चारही कडा व्हार्निश किंवा ऑइल पेंटने बंद करा आणि तो पूर्ण वाळवा. उघडा एमडीएफ ज्या बाजूने ओल पितो, ती बाजू लांबते. तीन मिमीचा एमडीएफ आधार देत नाही, तो स्वतःच वाकून फोमला बरोबर घेऊन जातो. त्यापेक्षा सहा मिमी प्लाय बरा. आणि फोम-प्लायच्या मधे पांढरा गोंद सलग फासू नका. एका बाजूला बंद पेशींचा फोम, दुसऱ्या बाजूला व्हार्निश, मधलं पाणी जाणार कुठे? मी आठवड्याने सोलून पाहिलं तर मध्यभागी दह्यासारखा ओला गोंद. इथे सॉल्व्हंट नसलेला बांधकामाचा चिकटवक किंवा पीयू (पॉलियुरेथेन) गोंद घ्या. चपलांना लावतात तो पिवळा रबरी गोंद चालत नाही, तो फोम खातो. डब्यातले बहुतेक स्प्रे पेंटही खातात. कुठलीही नवीन बाटली आधी कचऱ्यातल्या तुकड्यावर.

किती थराने किती बाक येतो हे आपापल्या सामानावर बघायचं असेल तर एक स्वस्त चाचणी आहे. त्याच फोमच्या १० बाय ६० सेमीच्या तीन-चार पट्ट्या कापा, प्रत्येकीला एकाच बाजूने वेगळं मिश्रण लावा आणि दोन दिवसांनी पट्टीखाली फट मोजा. मी हे पहिल्या दिवशी केलं असतं तर हे सगळं लिहायची वेळ आली नसती.

आधीच वाकलेली टाईल

६०० मिमीत दोन मिमीपर्यंत बाक असेल तर हात लावू नका. शेजारच्या टाईलला चुंबकाने किंवा खुंटीने जोडली की तेवढं खेचलं जातं, आणि त्यावर उभा राहिलेला १५ मिमीचा सैनिक घसरतही नाही.

तीन ते सहा मिमीची परात असेल तर मागून उलटी ओढ द्यायची. जमिनीवर जुनी गोधडी घडी करून पसरा, म्हणजे वरचं फ्लॉक-झाडं चेंगरत नाहीत, आणि टाईल त्यावर पालथी घाला. आता मध्य वर दिसेल. पाठीवर गोंदात भिजवलेला तपकिरी कागद लावा. त्यावर तीन-चार रिपा आडव्या ठेवून मध्यावर विटा ठेवा. थेट विटा ठेवल्या तर खालचा कागद सुकणार नाही, रिपांमधून हवा खेळली पाहिजे. दोन दिवस. मग उचलून, सावलीत, पट्टीने मोजा. अजून बाक असेल तर दुसरा कागद. जास्त झालं, पालथी परात झाली, तर घाबरायचं नाही: ओल्या फडक्याने पाठ पुसली की पांढरा गोंद मऊ पडतो आणि कागद पट्ट्या-पट्ट्यांनी सोलता येतो. सोलत सोलत सरळ झाली की थांबायचं. समोर केलेलं काम न बिघडवता होणारी ही एकच दुरुस्ती मला माहीत आहे.

त्याहून जास्त बाक असेल तर पाठ कापावी लागते. परात असेल तर ती सपाट होताना मागची बाजू आखूड व्हायला हवी, म्हणजे कापांना रुंदी हवी. हॅक्सॉ ब्लेडने दर पाच सेंटीमीटरवर, निम्म्याहून थोडे कमी खोल, आडवे आणि उभे काप द्या. दाबल्यावर ते मिटतात. पालथ्या परातीला मात्र साध्या कटरची चीर पुरते, कारण तिथे मागची बाजू लांबणार असते, चिरा उघडतात आणि त्यात चिकटवक भरला जातो. दोन्ही प्रकारांत कापलेली टाईल स्वतःच्या बळावर सरळ राहणार नाही, ती लगेच सहा मिमी प्लायवर चिकटवून चोवीस तास वजनाखाली ठेवायची.

काप देण्याआधी वरची नदी कुठून जाते ते पाठीवर पेन्सिलने आखून घ्या. १२ मिमी पात्राच्या खाली ११ मिमी काप म्हणजे काय होतं ते मी केळणा नदीत पाहिलंय: फोम कागदाएवढा उरतो आणि दाबताना आरपार जातो.

हेअर ड्रायरने गरम करून वाकवायचा सल्ला अधूनमधून कानावर येतो. मी करत नाही. रंगाखालचा फोम किती तापला ते दिसत नाही, आणि मऊ पडायला लागला की थांबायला वेळ मिळत नाही.

पिळाला वरचे उपाय लागू नाहीत. चौकट ओल्या लाकडाची असेल तर ती काढून वाळक्या रिपांची करायची. ठेवण्यातली चूक असेल तर उलट्या कर्णावर आधार देऊन, दोन-तीन आठवडे हलक्या वजनाखाली ठेवल्यावर बरीच उतरते. फोमला सतत भार दिला की तो हळूहळू त्या आकाराचा होतो, त्याच खोडीचा इथे फायदा. पुढे ठेवताना टाईल समोरासमोर जोडीने, मधे फोमचे चार ठोकळे घालून, आडव्या ठेवा. वरच्या मजल्याच्या स्लॅबखालचा माळा टाळा, एप्रिलमध्ये तिथे काय तापतं ते हात लावून बघा.

रेझिनची (ओतल्यावर घट्ट होणाऱ्या पारदर्शक द्रवाची) नदी ओतायची असेल तर ती सगळ्यात शेवटी, टाईल सरळ झाल्याची खात्री झाल्यावर, कारण रेझिन आपली पातळी शोधतं आणि दोन मिमीचा बाकही चव्हाट्यावर आणतं. दोन-तीन मिमीचेच थर द्या. जाड ओतलं तर घट्ट होताना ते इतकं तापतं की खालचा फोम बसतो. टाईलच्या कडेला टेपचा बांध घालायला विसरलात तर नदी जमिनीवर.

माझ्या सहापैकी पाच टाईल आता पट्टीखाली उजेड दिसू देत नाहीत. सहावी, तीच आरपार गेलेली, ठिगळ लावूनही कोपऱ्यात तीन मिमी उचलते. ती मी केळण्याच्या दक्षिण काठाला लावतो. ब्रिटिश सेनापती वेलस्लीने म्हैसूरचं आणि पेशव्यांचं घोडदळ तिकडेच नजर ठेवायला मागे सोडलं होतं, त्यामुळे ते खेळातही फारसं हलत नाही.